दोन तास दहा मिनिटं

न्यूझीलंडमधल्या अप्पर हट शहरात, मेन्स शेडमागे लाकडं रचून ठेवायला एक लोखंडी चौकट उभी होती. दहा फूट लांब, पाच फूट उंच, आत तिरप्या पट्ट्यांच्या कैच्या. शेड म्हणजे निवृत्त पुरुषांनी जमून सुतारकाम आणि फिटिंग करायची जागा. आठवड्यातल्या तीन सकाळी उघडते. दहा वाजता चहा असतो. कामाला उशीर झाला तर चालतो, चहाला चालत नाही.

मी तिथे पहिल्यांदा गेलो २०१४ च्या ऑगस्टमध्ये. मुलगी सानिका इथे फार्मसिस्ट आहे, तिच्याकडे आम्ही दोघं नवरा-बायको कायमचे राहायला आलो होतो. त्याआधी एकतीस वर्षं मी पुण्याजवळ दापोडीला लष्करी इंजिनियरांच्या कॉलेजात सिव्हिलियन फिटर होतो. त्यामुळे चौकट बघितल्यावर मी शेडमध्ये न जाता तिच्यापाशीच थांबलो. ते बेली पुलाचं पॅनेल होतं. बेली पूल म्हणजे तयार लोखंडी तुकडे हातांनी वाहून न्यायचे, पिना ठोकून जोडायचे आणि रोलरवरून पलीकडे ढकलायचे. क्रेन लागत नाही. माणसं लागतात.

मी वाकून पिनेचं भोक बघत होतो. मागून कुणीतरी म्हणालं, "वजन सांग."

"दोनशे साठ किलो."

"पाउंडात."

"पाचशे सत्तर."

"उचलायला किती?"

"सहा."

"चल आत," तो म्हणाला. "चहा थंड होतोय."

हा क्लॅरी. पूर्ण नाव क्लॅरेन्स मॅकनॅब, वय नव्वद. माझ्यापेक्षा सव्वीस वर्षांनी मोठा, पण इथे सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात, तशी मीही मारायचो. रमण हे नाव त्याला लांब वाटलं म्हणून मी 'रे' झालो. तक्रार करण्यासारखं काही नव्हतं.

क्लॅरीचा जन्म वायरारापातल्या मेंढ्यांच्या फार्मवर झाला. एकोणिसाव्या वर्षी न्यूझीलंडच्या सैन्यात सॅपर म्हणून गेला. सॅपर म्हणजे इंजिनियर कंपनीतला साधा शिपाई. इटलीत युद्ध संपताना तो एकवीसचा होता. परत आल्यावर सुतार झाला. अप्पर हटमधल्या सरकारी घरांच्या निम्म्या खिडक्या आपण बसवल्या असं तो सांगायचा. मी चौकशी केली. निम्म्या नव्हत्या, पण बऱ्याच होत्या. बायको ऑड्री वारली होती. मुलगी जॅनिस पोरिरुआला राहायची आणि दर रविवारी डब्यातून सूप आणायची. शेडमध्ये तो पटाशीने पेन्सिलीला टोक काढायचा आणि जाण्याआधी आपल्या टेबलाखालचा भुसा स्वतः झाडायचा. दुसऱ्याच्या टेबलाखालचा झाडायचा नाही, पण तो तिथे आहे हे सांगायचा.

युद्धातल्या गोष्टी तो सहसा सांगत नसे. विचारलं तर शेवटचं तेवढं सांगायचा. मे महिन्यात त्यांची डिव्हिजन समुद्राकाठी ट्रिएस्टेला पोचली. जर्मनांनी शस्त्रं टाकली. वर्तमानपत्रात पाणबुड्या एकेक करून वर येतायत आणि शरण जातायत असं छापून येत होतं. क्लॅरी बंदराच्या धक्क्यावर बसून सुरुंग काढणाऱ्या बोटी बघायचा. पिठाची जहाजं बाहेर उभी, कारण वाट साफ झालेली नव्हती. एक दिवस एक बोट उडाली. "युद्ध संपून नऊ दिवस झाले होते," तो म्हणाला. "सुरुंगाला कुणी सांगितलं नव्हतं." एवढं बोलून तो पुन्हा रंधा मारायला लागायचा.

एक गोष्ट मात्र तो न विचारता सांगायचा. पुलाची.

एप्रिल १९४५, दुसरा आठवडा. सेनिओ नदी ओलांडून पुढे जाताना वाटेत एक कालवा लागला. त्यावरचा पूल जर्मनांनी उडवला होता. रणगाडे अलीकडे, पायदळ पलीकडे. क्लॅरीच्या प्लॅटूनला हुकूम आला, ऐंशी फुटी बेली बांधा. मैलभर अंतरावर दुसऱ्या प्लॅटूनला तोच हुकूम. ज्याचा पूल आधी, त्यावरून रणगाडे. क्लॅरीच्या प्लॅटूनने पहाटे चारला सुरुवात केली आणि सहा दहाला पूल खुला केला. दुसऱ्यांचा साडेसहाला झाला. पण युद्धानंतर कंपनीच्या इतिहासाचं जे पुस्तक निघालं त्यात उलटं छापलं. दुसऱ्यांचा साडेसहा, क्लॅरीच्या प्लॅटूनचा सव्वासात.

यावर क्लॅरीने एकोणिसशे पंचावन्नपासून पत्रं लिहिली होती. प्रती एका बिस्किटाच्या डब्यात होत्या. पुस्तक लिहिणारा वारला, छापणारा वारला, दुसऱ्या प्लॅटूनमधले सगळे वारले, त्याच्या स्वतःच्या प्लॅटूनमधलेही. उरला तो एकटा. दोन हजार पंधराच्या एप्रिलमध्ये या सगळ्याला सत्तर वर्षं होणार होती. माजी सैनिकांच्या क्लबात अँझॅक डेला, म्हणजे पंचवीस एप्रिलला इथे सैनिकांचा स्मृतिदिन पाळतात तेव्हा, छोटं प्रदर्शन होतं. क्लॅरी त्यासाठी आपल्या पुलाचं मॉडेल करत होता. एका फुटाला एक इंच, रिमू नावाच्या इथल्या लाकडात, एकूण साडेसहा फुटांच्या वर. खाली पितळेची पट्टी. तिच्यावर लिहायचं: सव्वीस सॅपर, दोन तास दहा मिनिटं, सर्वांत आधी.

"पुस्तक बदलत नाहीत तर पट्टी तरी बरोबर असू दे," तो म्हणाला.

मॉडेलला मी मदत करायला लागलो. लाकूड त्याचं, पिना माझ्या. सायकलच्या आऱ्यांमधून कापून मी एकशेचाळीस पिना केल्या. खऱ्या पिनेच्या डोक्यावर एक खाच असते. आत बसवलेली क्लिप कोणत्या दिशेला आहे ते त्या खाचेवरून कळतं. क्लॅरीने भिंग लावून खाचा तपासल्या आणि अकरा पिना परत केल्या. त्या खरंच वाईट होत्या. मग माझं त्याच्याशी जमलं.

जानेवारीत कैच्या जोडताना मी सहज हिशेब केला. तशी सवय आहे. ऐंशी फूट, दुहेरी बाजू, पुढे ढकलायला लागणारं नाक धरून बेचाळीस पॅनेल. बावीस आडव्या तुळया, त्याही दोनशे किलोच्या. चाळीस उभ्या. शंभराच्या वर फळ्या. मी विचारलं, "ट्रक कुठपर्यंत येत होते?"

"दोनशे यार्डांवर थांबले. रस्ता उखडलेला होता. तिथून हातांनी."

"सगळं?"

"सगळं."

"सव्वीस माणसांनी?"

"सव्वीस. नावं सांगू?" त्याने सांगितली. सव्वीसच होती.

मी कागद घेतला. सहाची एक टोळी, अशा चार. दोनशे यार्ड ओझ्यासकट जायचं, रिकामं परतायचं. एका फेरीला आठ मिनिटं धरली, म्हणजे कमीच धरली. नुसती पॅनेल पोचवायला दीड तास. तुळयांना पाऊण तास. बाकीचं सामान अजून तसंच पडलेलं. त्यात जोडणी, त्यात ढकलणी, आणि सगळं अंधारात. आम्ही दापोडीला दिवसा, सामान काठावर रचून, चाळीस जवानांकडून हा पूल बांधून घ्यायचो तेव्हा अडीच तास लागायचे, आणि ते ताजेतवाने असायचे.

"क्लॅरी," मी म्हणालो, "दोन तास दहा मिनिटांत होत नाही."

"झालं."

"सव्वातीन तास तर नुसतं वाहण्यात जातात. पुस्तकातली वेळसुद्धा मला कमीच वाटते."

त्याने रंधा खाली ठेवला. "तू तिथे होतास?"

"नाही."

"मग?"

"मी एकतीस वर्षं पॅनेल मोजलीत."

"मोजलीस. मी बांधला."

त्यानंतर चार दिवस तो माझ्याशी फक्त मापांपुरतं बोलला. शेडमधल्या बाकीच्यांनाही कळलं. कोऑर्डिनेटर नेव्ह मला बाजूला घेऊन म्हणाला की म्हाताऱ्याला त्याचा पूल लखलाभ असू दे. मी म्हणालो, पूल त्याचाच आहे, वेळ त्याची नाही.

घरी मंदा, माझी बायको, भाजी निवडत होती. तिलाही सांगितलं.

"अहो, नव्वदीचा माणूस आहे," ती म्हणाली. "काय लिहायचंय ते लिहू द्या की त्याला."

"एक पॅनेल दोनशे साठ किलोचं आहे."

"मग? तुम्हाला उचलायचंय का?"

"कुणीतरी उचललं होतं."

"सानिकाच्या लग्नात मांडववाल्याला खांब किती खोल पुरलेत ते विचारत होतात. मुलीची पाठवणी चालली होती."

"एक खांब हलत होता."

"हो. तुम्हीच हलवत होतात." तिने भाजी बाजूला सारली. "त्याला खोटं पाडून तुम्हाला काय मिळणार?"

मला त्याला खोटं पाडायचं नव्हतं. पण पितळेवर ठोकलेलं पुसता येत नाही, आणि त्या पट्टीखालच्या पिना माझ्या होत्या.

तोडगा क्लॅरीनेच काढला. पुढच्या मंगळवारी चहाच्या वेळी सगळ्यांसमोर म्हणाला, "रे म्हणतो आठ मिनिटं. मी म्हणतो चार. उचलून बघू."

आमच्या शेडचं सरासरी वय त्र्याहत्तर होतं. क्लॅरीने गल्लीतल्या सेफोला सांगितलं. सेफो सामोअन, पोरिरुआच्या गोदामात कामाला, आणि इथल्या रग्बी क्लबचा कप्तान. तो शनिवारी सकाळी आणखी पाच जणांना घेऊन आला. सहाच्या सहा माणसांना मान नव्हती, खांद्यावरच डोकं सुरू होत होतं. आम्ही लाकडं उतरवून पॅनेल ट्रेलरवर चढवलं आणि मैदानावर नेलं. दोनशे यार्ड म्हणजे मैदानाची एक लांबी जाऊन परत. क्लॅरी खुर्ची टाकून बसला. जॅनिस छत्री धरून उभी. नेव्हकडे घड्याळ.

उचलायला दांडे असतात. पॅनेलखालून आडवे घालायचे, प्रत्येक दांडा दोन टोकांना दोघांनी धरायचा. दांडे मी पाइपाचे केले होते. सेफो म्हणाला, "स्वीट ॲज," म्हणजे काही अडचण नाही, आणि उचललं.

पहिल्या वीस पावलांत त्यांची चाल मोडली. पुढचे दोघे लांब टांगा टाकत होते, मागचे आखूड. पॅनेल झोके घ्यायला लागलं. झोका आला की ज्याच्या बाजूला येतो त्याच्यावर दुप्पट वजन पडतं. दोनदा खाली ठेवलं. नऊ मिनिटं. दुसऱ्या फेरीत एकाच्या नडगीला लागलं. अकरा मिनिटं. मग ते गवतावर बसले.

"दमले," नेव्ह म्हणाला.

"ताकद आहे," मी म्हणालो. "उचलायला येत नाही."

क्लॅरी घड्याळाकडे बघत होता.

खरं तर मी तिथेच थांबायला हवं होतं. माझं म्हणणं सिद्ध झालं होतं. पण सहा धडधाकट माणसं वाईट पद्धतीने काम करतायत हे मला बघवत नाही. मी सेफोला म्हणालो, "अजून एकदा. दांडे काढ. खांद्यावर घ्या." जर्स्या गुंडाळून त्यांच्या चुंबळी केल्या आणि खांद्यांवर ठेवल्या. "आणि मी सांगेन तेव्हाच पाऊल टाका. मी बाजूने चालतो."

"तू काय धरणार?" एकाने विचारलं.

"काही नाही. मी बोलणार."

ते हसले. मी बोलायला लागलो. दापोडीला सातारा-सोलापूरकडचे मजूर असायचे आणि त्यांच्याबरोबर एक हाक देणारा असायचा. त्याची हाक मी एकतीस वर्षं ऐकली होती. ती मला मराठीतच येते, म्हणून मराठीतच दिली. "हां भले, डावं. हां भले, उजवं. बेतानं रं, खड्डा हाय रं. हां भले, डावं." शब्द त्यांना कळत नव्हते. कळायची गरज नसते. हाकेचा जोर जिथे पडतो तिथे पाऊल पडतं. तिसऱ्या हाकेला सहाही जण एका पावलाने चालायला लागले. पॅनेल झोका घ्यायचं थांबलं. खड्डा आला तिथे मी हात खाली केला, ते बघून त्यांनी गुडघे वाकवले. मैदानाच्या टोकाला वळलो, परत आलो. मध्ये एकदाही खाली ठेवलं नाही.

"पाच मिनिटं दहा सेकंद," नेव्ह म्हणाला.

सेफो खांदा चोळत म्हणाला, "हे आधी का नाही केलं?"

"आधी तुम्ही विचारलं नाही."

मी क्लॅरीकडे गेलो. जॅनिसने छत्री मिटली होती. क्लॅरी मैदानाकडे बघत होता. म्हणाला, "तसा एक कामचुकार तिकडेही होता."

"कुठे?"

"कालव्यावर. काही उचलायचा नाही. बाजूने चालायचा आणि बडबडायचा. तुझ्यासारखाच."

"तुमच्या प्लॅटूनमध्ये?"

"छे. आमच्यात कामचुकार नव्हते. तो इंडियन होता."

मी खुर्चीशेजारी गवतावर बसलो. गुडघ्याला त्रास होतो, पण बसलो. "क्लॅरी, इंडियन तिथे काय करत होते?"

"शेजारी त्यांची डिव्हिजन होती. रस्त्यावरून चालले होते मागे. आमच्या सार्जंटने त्यांच्या सुभेदाराला सिगारेटी दिल्या आणि विचारलं, हात लावता का."

"मग?"

"मग लावला."

"किती जण?"

"पन्नास. साठ. मोजले नाहीत."

"सगळं सामान त्यांनी वाहिलं?"

तो विचारात पडला. आठवत नव्हतं असं नाही. आजवर तिकडे बघितलं नव्हतं. "मी पिना ठोकत होतो," तो म्हणाला. "पॅनेल यायचं, भोकाला भोक लागायचं, मी पिन मारायचो. लेफ्टनंटचं घड्याळ माझ्या पिनांच्या पेटीला टांगलेलं होतं. म्हणून वेळ मला माहीत आहे. पॅनेल आणायला कोण गेलं ते मी... ते येत होते. एकामागून एक येत होते."

"आणि तुमचे सव्वीस?"

"सव्वीस काठावर. जोडायला."

मी बोटांवर हिशेब केला. साठ माणसं म्हणजे दहा टोळ्या, रिकामं परतणं धरून सात-आठ मिनिटांची एक खेप. सव्वीस मोकळे हात जोडणीला. "क्लॅरी," मी म्हणालो, "मग तुझी वेळ बरोबर असू शकते. दोन तास दहा मिनिटं होऊ शकतं."

जॅनिस म्हणाली, "ऐकलंत का डॅड? तुम्ही बरोबर होतात." सत्तर वर्षांत त्याला असं कुणी म्हणालं नव्हतं. मला वाटलं तो निदान हसेल.

त्याने मला विचारलं, "तो बडबड्या. तो कशासाठी असतो?"

आता खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. "वाहणाऱ्यांना पाय दिसत नाहीत," मी म्हणालो. "अंधारात तर काहीच दिसत नाही. तो त्यांचे डोळे. पाऊलही तोच देतो. टोळीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम त्याचं. जो सगळ्यात चांगला, त्यालाच ते देतात."

सेफो आणि मंडळी पॅनेल ट्रेलरवर चढवत होती. ती आता आपल्याच भाषेत हाक देत होती.

"मी सार्जंटला सांगितलं होतं," क्लॅरी म्हणाला. "म्हटलं, हा बघ, हा फुकट फिरतोय. सार्जंटने त्याला दांड्याला लावला. दांडे आमचेच होते, त्यांना नको होते, तरी दिले. पुढच्याच फेरीत ती टोळी खंदकात गेली. पॅनेल एकाच्या पायावर पडलं."

"तो हाक देणारा?"

"नाही, दुसराच. लहान होता, माझ्याएवढा. त्याला उचलून नेला. मी म्हटलं, अडाणी आहेत, चालता येत नाही."

"मग?"

"मग दुसरी टोळी आली. मी पिन मारली."

जॅनिस म्हणाली, "डॅड, चला आता." तो उठला. गाडीपर्यंत मी त्याच्या बाजूने चाललो.

तो पुढचे अडीच आठवडे शेडमध्ये आला नाही. मॉडेलवर नेव्हने चादर टाकली. जॅनिसने फोनवर सांगितलं, तब्येत ठीक आहे, खातात, बागेत काम करतात, बोलत नाहीत. मंदा म्हणाली, "बघा, तुमच्या मोजण्याने काय झालं." मी त्याच्याकडे गेलो. तो टोमॅटोंना काठ्या बांधत होता. मला बघून म्हणाला, "हे टोक धर." तासभर मी टोकं धरली. निघताना त्याने विचारलं, "त्या टोळ्या तुझ्या भागातल्या असतील?"

"माहीत नाही. असतील. इटलीत आमच्याकडच्या पलटणी होत्या. पण दुसरेही होते. चुंबळी केल्या होत्या का त्यांनी?"

"मफलर गुंडाळून. गोल."

"तसं बऱ्याच ठिकाणी करतात."

"हं," तो म्हणाला. मी त्याला हवं तेवढं देऊ शकलो असतो. पण जेवढं मला माहीत होतं तेवढंच दिलं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात तो आला. चादर काढली, घडी घातली. खिशातून कागद काढून माझ्यासमोर ठेवला. पट्टीवर लिहायचा मजकूर नवा होता. मी वाचला आणि विचारलं, "'सर्वांत आधी' कुठे गेलं?"

"दोन्ही प्लॅटूननी एकट्याने बांधायचं असं ठरलं होतं. आम्ही एकट्याने बांधला नाही."

"दुसऱ्यांनीही कुणाला सिगारेटी दिल्या असतील."

"असतील. त्यांनीही लिहिलं नसेल." त्याने पटाशीने पेन्सिलीला टोक काढलं. "ते त्यांनी बघावं. ते मेलेत, पण बघावं."

"सव्वीस नावं?"

"जागा नाही. सव्वीस लिहायची आणि साठ नाही, हे बरं दिसत नाही. साठांची मला माहीत नाहीत. तेव्हा कुणाचीच नको."

शेडमध्ये पितळेवर अक्षरं ठोकायचे पोलादी ठसे आहेत. एक अक्षर, एक घाव. घाव हलका पडला तर अक्षर पुसट, दोनदा मारला तर दुहेरी. मी ठोकतो म्हणालो. तो नाही म्हणाला. दोन सकाळी लागल्या. हात थरथरायचा, म्हणून ठसा धरायला त्याने मला सांगितलं, पण हातोडी दिली नाही. चौथी ओळ थोडी चढत गेली आहे. मी ते दाखवलं. त्याने भिंगातून बघितलं आणि म्हणाला, वाचता येतं.

पट्टीवर इंग्रजीत होतं. मराठीत असं होईल:

ऐंशी फुटी पूल, एप्रिल १९४५. पहाटे ४.०० ते ६.१०.
बांधणारे सव्वीस, न्यूझीलंडचे.
वाहणारे सुमारे साठ, भारताचे. नावं विचारली नाहीत.
हाक देणारा एक. त्याला मी काढला. एकाचा पाय गेला. – सी. मॅकनॅब.

पाय गेला की नाही हे त्याला नक्की माहीत नव्हतं. मी तसं म्हणालो. तो म्हणाला, "पॅनेल पडलेलं मी बघितलंय. तूही वजन जाणतोस." मी अक्षर धरलं, त्याने मारलं.

अँझॅक डेला पहाटेची परेड झाल्यावर लोक क्लबात चहाला आले. मंदा आणि सानिकाही आल्या होत्या. मॉडेल खिडकीपाशी टेबलावर होतं. लोक वाकायचे, कैच्यांचं कौतुक करायचे, मग पट्टी वाचायचे आणि दुसऱ्यांदा वाचायचे. क्लबच्या अध्यक्षाने नेव्हला हळूच विचारलं, शेवटची ओळ झाकता येईल का, सैनिकांच्या स्मृतीसाठी वाहतात तो खसखशीच्या लाल फुलांचा हार ठेवून. नेव्हने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, क्लॅरीला विचारा. त्यांनी विचारलं नाही.

क्लॅरी कोटावर पदकं लावून टेबलाशेजारी उभा होता. जॅनिसने खुर्ची आणली, तो बसला नाही. पहिल्या बाईने विचारलं, "हाक देणारा म्हणजे?" त्याने सांगितलं. पाय दिसत नाहीत, अंधार असतो, एक जण बाजूने चालतो आणि पाऊल देतो, त्याला मी कामचुकार समजलो, सार्जंटला सांगितलं, पुढच्या फेरीत पॅनेल एका पोराच्या पायावर पडलं. ती म्हणाली, "तुम्ही किती लहान होतात तेव्हा." तो म्हणाला, "एकवीस. तोही."

मग पुढचा आला. त्याने विचारलं, मग पहिला पूल कुणाचा? क्लॅरी म्हणाला, ते आता सांगता येत नाही, आणि हाक देणाऱ्याचं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. सानिकाचे डोळे भरले होते. मंदा मला म्हणाली, "त्यांना बसायला सांगा ना हो." मी सांगितलं नाही. काम चालू असताना माणसाला बसायला सांगत नाहीत.

दुपारी एकपर्यंत चौदा जणांनी विचारलं. मी मोजले. चौदाव्या वेळीही त्याने एक शब्द गाळला नाही.